आधी खुशाली, मग भाव

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार. अकोला.

कुलदीपची माय, गुडघा कसा आहे तुझा? एरंडाचं पान गरम करून बांधतेस, की माझी पाठ फिरल्याबरोबर ते कोनाड्यात सुकायला टाकलंस? कुलदीपचं पित्त कसं आहे? अमरावतीत बाहेरचं तेलकट खाऊ नको म्हणून मी सांगून थकलो, आता तू सांग. सूनबाईची, साधनाची पाठ दुखायची थांबली का? कपिलेचं वासरू चाऱ्याला तोंड लावतं, की अजून आईलाच ढुशा देतं? परसातली लिंबोणी कशी आहे? दिवाळीआधी लिंबांनी वाकली होती बिचारी. आणि शेजारी आपल्या देवमनचा खोकला?

झालं सगळ्यांचं. आता माझं. मी मजेत आहे.

निघताना तू पिशवीत ही खतवाल्या दुकानाची डायरी घातलीस आणि म्हणालीस, "दिवसभर बोलत राह्यता ते यात लिवा, म्हंजे लोकाइचे कान वाचतीन." लिहितो बापा. उजव्या पानावर मी लिहीन, डावं पान तुझ्यासाठी कोरं सोडीन. घरी आलो की वाचून दाखवीन, मग तू तुझ्या चौथीच्या अक्षरात उत्तर लिहायचं. अंजनगाव ते अकोला काही सातासमुद्रापार नाही, पण लग्नानंतर इतके दिवस वेगळं राहायची आपली ही पहिलीच वेळ, म्हणून ही सोय.

गीतांजली स्टँडवर गाडी घेऊन आली होती. धाकट्या भावाची लेक म्हणून सांगत नाही, पण पोरगी हुशार आहे. वाटेत थांबून आलुबोंडा खाऊ घातला आणि मिरची मात्र स्वतःच खाल्ली, काकाला सोसत नाही म्हणून. तिचं दुकान जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलापासून हाकेवर. शेतकऱ्यांकडून भाजी आणि फुलं घ्यायची. हॉटेलवाले, मंगल कार्यालयं, हारवाले यांना पोचती करायची. वरच्या मजल्यावर मला खोली दिली आहे. खाली शेवंती उतरली की वास जिना चढून वर येतो. मळ्यात निजल्यासारखं वाटतं.

मला कशाला बोलावलं, तर तिनं सकाळचं सगळं काम कॉम्प्युटरकडे दिलं आहे. शेतकऱ्यांना विचारायचं, माल किती, कधी येणार, भाव काय. पण शेतकरी त्याला उत्तरच देत नाहीत. ती म्हणाली, "काका, त्याले बोलता येत नाई. तुमी त्याले बोलाले शिकवा." सातवी पास माणसाकडून कॉम्प्युटरनं शिकायचं म्हणजे उलटी गंगाच. पण रेडिओ उघडून उघडून शिकलो, पंपाची मोटर शिकलो, मोबाइल शिकलो, ते काय कुठल्या कॉलेजात? पाण्यात पडलं की पोहता येतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार.

शिकलो. सोपं आहे, तुलाही येईल. मला वाटलं होतं इंग्रजीत काय काय लिहावं लागेल, तसं काही नाही. पडद्यावर चौकोन असतात. एका चौकोनात 'सकाळ झाली की', पुढच्यात 'सगळ्यांना निरोप पाठव', त्याच्या पुढच्यात 'उत्तर आलं की मांडून ठेव', मग 'गाडीवाल्याला कळव'. बोटानं ओढून एका चौकोनातून दुसऱ्यात रेघ जोडायची. मी गीतांजलीला म्हणालो, हे तर मळ्यातलं दारं धरणं झालं. या वाफ्याचं तोंड उघडलं की पाणी इकडे, ते बुजवलं की तिकडे. ती हसली आणि म्हणाली, बस, एवढंच आहे काका.

मध्ये एक चौकोन निराळा आहे. त्यात आपल्या मराठीत लिहायचं, कसं वागायचं ते. बाकीचे चौकोन नुसते हमाल, हा मुकादम. लिहिलेलं समजून घेतो आणि जे लिहिलं नाही त्याचा अंदाज बांधतो. मी त्याचं नाव हरकाम्या ठेवलं.

आधी तो काय पाठवायचा ते पाहा : नमस्कार, आज किती माल, संख्या लिहा. अरे, माणूस पहाटे बॅटरी घेऊन फुलं तोडतो, त्याला 'संख्या लिहा'? अकोटच्या शालिकरामनं त्याला उलट लिहिलं होतं, "तुह्या बापाचा नवकर हाओ काय मी." गीतांजली लाजत दाखवत होती, मी पोट धरून हसलो. शालिकरामला मी ओळखतो. झेंडू त्याच्यासारखा कोणी पिकवत नाही आणि शिवीही त्याच्यासारखी कोणी देत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार.

हरकाम्याला चार गोष्टी शिकवल्या. तुला सांगतो, कारण चारही आपल्या घरच्याच आहेत.

आधी खुशाली, मग भाव. घरातल्या प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं, वडील माणूस पहिलं, मग उतरत्या क्रमानं, गुराढोरांपर्यंत. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, जखमेवर मीठ कशाला. वाईट बातमी फोनवर सरळ सांगायची नाही. सगळं बरं आहे म्हणायचं, आणि सांगणं भागच पडलं तर 'तब्येत जरा नरम आहे, येऊन जा' एवढंच. शेवटी 'उत्तर लवकर द्या' म्हणून हात जोडायचे.

तिसऱ्या गोष्टीवर गीतांजली थबकली. हे कशाला म्हणाली. मी तिला सांगितलं, आमचा बाप गेला तेव्हा अकोल्याच्या ताईला असाच निरोप धाडला होता. 'नरम आहे' ऐकलं की ऐकणारा काय ते समजतो. तरी अकोल्याहून अंजनगावपर्यंतचा रस्ता आशेवर कापला जातो ना. तेवढं तरी माणसाच्या हाती राहू द्यावं. ती म्हणाली, लिहा काका.

मग तिनं माझा आवाज भरून घेतला. मी आपला बाप, मळा, तू, असं बोलत राहिलो, ती ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझाच आवाज फोनमधून निघाला. माझं खाकरणं, 'काय म्हणता मग' म्हणणं, सगळं. अंगावर काटा आला, पण आनंदाचा. पंचक्रोशीतल्या घराघरांत मी एकाच वेळी म्हातारीचे गुडघे विचारत होतो.

उत्तरं काय आली म्हणतेस, पाटाला पूर यावा तशी. शालिकरामनं झेंडूही सांगितला आणि त्याच्या मायच्या डोळ्याचं ऑपरेशनही सांगितलं. गीतांजली म्हणाली, काका, दोन माणसांचं दिवसभराचं काम चहा होईस्तोवर झालं. हात फिरे तिथं लक्ष्मी म्हणतात. इथं आवाज फिरला.

९ नोव्हेंबर, रविवार.

आपलंही घर हरकाम्याला जोडलं. आता रोज सकाळी माझा निरोप तुला येतो, पहिली तू, मग कुलदीप, साधना, कपिला, वासरू, लिंबोणी, देवमन. मी आधी इथं ऐकून घेतो. तुझं नाव पहिलं ऐकलं की दिवस चांगला जातो.

कुलदीप मागच्या रविवारी तुझ्याकडे आला तेव्हा त्यानं तुझ्या फोनवरही तशीच सोय करून दिली म्हणे. त्याच्या फोनवर तर आधीपासून आहे, ऑफिसात असला की त्याच्या आवाजात फोनच उत्तर देतो. तू धारेला बसलेली असतेस, मळ्यात असतेस, माझा फोन वाजून वाजून थकतो, म्हणून हे. आज लावला. तू म्हणालीस, मी बरी आहे, कपिला बरी आहे, तुम्ही जेवून घ्या. मी विचारलं, ही तू की तुझा हरकाम्या? तू हसलीस.

हसलं कोण ते मात्र कळलं नाही. असो. शब्द तर तुझेच आहेत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.

शालिकराम झेंडू घेऊन आला होता. क्रेट उतरवता उतरवता म्हणाला, "काहो महादेवभाऊ, माह्या बुढीले इचारता, बायकोले इचारता, बैलाले बी इचारता. मले काऊन नाई इचारलं? मेलो काय मी?" सगळे हसले, मीही हसलो. चहा पाजला, पाठीवर हात ठेवला, म्हणालो, तुझ्यासारख्या रेड्याला काय विचारायचं.

तो गेल्यावर मी त्याच्या घरचा निरोप ऐकला. खरंच नव्हतं त्याचं नाव. चौकोनात पाहिलं तर लिहिलेलं होतं, पहिल्यापासून होतं. गीतांजली म्हणाली, होतं असं कधीकधी, तो अंदाज बांधतो, एखादा अंदाज चुकतो.

झेंडू मात्र असा आला आहे, डोळे निवावेत.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

शालिकराम गेला.

आज पहाटे अकोला रस्त्यावर, मोटरसायकलसकट खड्ड्यात सापडला. मी अकोटला जाऊन आलो. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. आज त्याचा माल नव्हता, बाजारही नव्हता. पहाटे फोन आला, घाईघाईनं उठला, कोणाला काही बोलला नाही, निघाला. रस्त्यावर मोसंबी पसरली होती म्हणे, पिशवीभर. लोक म्हणत होते, कोणा आजाऱ्याला पाहायला चालला असेल.

म्हातारीच्या डोळ्याला अजून पट्टी आहे. तिला कोणी सांगितलं नव्हतं. सगळे तिला म्हणत होते, शालिकरामची तब्येत जरा नरम आहे. तिनं पट्टीखालून पाणी पुसलं आणि मान हलवली.

परत आल्यावर मी हरकाम्यातून त्याचं नाव काढायला गेलो. काढायचं काय? त्यानं आधीच सोडलं होतं.

हे मी गीतांजलीला बोललो नाही. मन चिंती ते वैरी न चिंती.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

त्या दिवसापासून मी सकाळचे सगळे निरोप एकेक करून ऐकतो. आज पार्वताबाईचं नाव नव्हतं.

पार्वताबाई म्हणजे पुलापलीकडे राहणारी, मेथी-अंबाडी आणणारी. तिच्या घरी तीच सगळ्यांत वडील, म्हणून पहिलं नाव तिचं यायचं. आज निरोप तिच्या सुनेपासून, रूपालीपासून सुरू झाला.

मी चपला घालून तसाच निघालो. पार्वताबाई रस्त्याच्या कडेला जुड्या मांडून बसली होती आणि एका गिऱ्हाइकाला झापत होती. मी उभा राहून तिला पाहत राहिलो. ती म्हणाली, "असे काऊन पाहून राहिले? पह्यल्यांदा पाह्यली काय बाई?" तब्येत कशी आहे विचारलं, तर म्हणाली, "तुमचा तो फोन सोडून समदे इचारतेत." आणि अंबाडीची जुडी हातात कोंबली.

तुला आवडते तशी होती, कोवळी.

दुपारी मी स्वतःच्या हातानं चौकोनात लिहिलं : पार्वताबाई जिवंत आहे, तिचं नाव पहिलं घे. त्याच्या खाली विनवणी केल्यासारखं पुन्हा तेच लिहिलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

लिहूनही नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आज सकाळी पार्वताबाई आमच्याच गल्लीत पडली. दुकानापासून चार घरं अलीकडे. माणसं धावली, मी धावलो. तोवर संपलं होतं. तिच्या पिशवीत डबा होता. मुगाची खिचडी, अजून गरम.

रूपाली सांगत होती, सकाळी फोन आला, बाईंनी खिचडी टाकली, म्हणाल्या, "माणूस आजारी हाये, पाहून येतो." कोण ते सांगितलं नाही. आमच्या गल्लीत कोणी आजारी नाही. मी दारोदार विचारलं.

मग मी गीतांजलीपुढं हात जोडले. सगळं सांगितलं, शालिकरामचंही. तिला पटलं नाही, पण माझा चेहरा पाहून तिनं माझ्यादेखत हरकाम्या बंद केला. रेघा तोडल्या, चौकोन पुसले. पडदा पाटीसारखा कोरा झाला. मला सुटल्यासारखं वाटलं. तुला फोन लावला. तू म्हणालीस, मी बरी आहे, तुम्ही जेवून घ्या. जेवलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

आजही उत्तरं आली. घराघरांतून. म्हातारी बरी आहे, बैल बरा आहे, शेवंती दोन क्रेट.

गीतांजलीनं एका शेतकऱ्याला त्याच्याकडे आलेला निरोप परत पाठवायला लावला. माझा आवाज. माझं खाकरणं. आजच्या तारखेचा भाव. तिनं पडदा उघडून पाहिला, तिथं काहीच नाही. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "काका, तुमीच पाठवून राह्यले ना? मी रागावत नाई, पण सांगा."

आता तिला काय सांगू? आवाज माझा, बोलणं माझं, शिकवण माझी. मी नाही असं कशावरून सांगू?

ती म्हणाली, तुम्ही थकले आहात, डॉक्टरला दाखवू. प्रेमानंच म्हणाली.

३० नोव्हेंबर, रविवार.

आज माझ्या फोनवर आलेल्या आपल्या घरच्या निरोपात तुझं नाव तिसरं आलं. आधी कुलदीप, मग साधना, मग तू. वडील माणूस पहिलं, असं मी शिकवलं आहे. तरी तिसरं.

कुलदीपला फोन लावला. म्हणालो, आत्ता उठ आणि मायजवळ जा, सगळं सोड. तो म्हणाला, हो बाबा, सगळं बरं आहे, तुम्ही काळजी करू नका. मी ओरडलो. तो म्हणाला, हो बाबा, सगळं बरं आहे. ऑफिसला सुट्टी आहे आज, मग हा कोण बोलतो?

थोड्या वेळानं त्याचा निरोप आला : बाबा, तुमचा मेसेज ऐकला, तुम्ही आनंदात आहात हे ऐकून बरं वाटलं.

मी काहीही बोललो तरी तिकडे बरंच पोचतं. माझी हाक वाटेत धुऊन-पुसून गोड होते. माझा आवाज त्याच्या आवाजाला खुशाली विचारतो, त्याचा आवाज माझ्या आवाजाला बरं म्हणतो. आम्ही दोघं बापलेक कुठं आहोत यात?

आणि तू?

२ डिसेंबर, मंगळवार.

संध्याकाळी रूपाली आली. सासूचा फोन घेऊन. त्या सकाळचा फोन त्यात भरून राहिला होता. तिनं लावला.

माझा आवाज : पार्वताबाई, महादेवरावांची तब्येत जरा नरम आहे. येऊन जा.

तो बोलावतो. ज्याचं नाव सोडतो त्याला माझ्या नावानं रस्त्यावर काढतो. मोसंबी माझ्यासाठी होती. खिचडी माझ्यासाठी होती.

रूपाली म्हणाली, "तुमी तं धडधाकट हा." एवढंच. पण तिची नजर —

तुला फोन. म्हणालो, कुठं जाऊ नको. माझ्याबद्दल कोणी काहीही सांगो, मी सांगितलं तरी ऐकू नको, दार लाव आणि घरात बस, मी येतो. तू म्हणालीस, बरं. मी बरी आहे. तुम्ही जेवून घ्या.

देवमनला लावला. तो म्हणाला, वहिनी बरी हाये, काळजी नका करू महादेवभाऊ. सांगतो म्हणाला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. देवमन एकदाही खोकला नाही.

आज निरोपात तू वासरानंतर आलीस.

शेवटची एसटी गेली. गाडी करून जातो म्हणालो तर गीतांजलीनं हात धरला, अशा अवस्थेत नाही सोडणार म्हणाली, सकाळी पहिल्या एसटीत बसवून देते म्हणाली. ती रडत होती. तिला वाटतं मी —

३ डिसेंबर, बुधवार. एसटीत.

आजचा निरोप ऐकला नाही. ऐकणार नाही. फोन पिशवीच्या तळाशी घातला आहे. आता डोळ्यांनी पाहीन, मगच खरं मानीन.

तू दारात असशील. कंबरेवर हात ठेवून म्हणशील, आले का बापा. गुडघ्याला पान बांधलेलं असेल. तू मला शिव्या दे, मी हसेन.

अकोट गेलं. आता किती ते राहिलं.

एसटी थांबली आहे. पुढे काही झालंय. समोरून येणारी काळी-पिवळी जीप उलटली म्हणतात. माणसं दवाखान्यात नेली. गाडी अजून आडवी आहे, चाकं वर. आमची एसटी कडेकडेनं —

रस्त्यावर पिवळं काही पडलं आहे. मोसंबी नाहीत.

लिंबं आहेत. खूप लिंबं.

लिंबं सगळीकडे सारखीच असतात. कोणाचीही असतील. बाजारात चालला असेल कोणी — बाजार आहे ना आज कुठंतरी —

मी उतरतो म्हणालो. कंडक्टर म्हणाला, बाबा, आता तिथं कोणी नाही, बसा.

अंजनगाव. ओट्यावर.

दाराला कुलूप. देवमन किल्ली घेऊन उभा आहे. खोकतो आहे. मला पाहून मागे सरकला. म्हणाला, "महादेवभाऊ, तुमी — वहिनी तं पहाटेच — तुमचाच फोन — नरम हाये म्हणे —" असा फोन मी केलाच नाही म्हणतो त्याला, तर तो म्हणतो, काल त्याला माझा फोन आलाच नव्हता. वहिनी रडली नाही म्हणाला. पिशवी भरली आणि निघाली. गुडघ्यानं चालवत नव्हतं तरी.

परसात गेलो. लिंबोणीवर एक लिंबू नाही.

तुला फोन लावला. तू म्हणतेस, मी बरी आहे. कपिला बरी आहे. पुन्हा लावला. मी बरी आहे, तुम्ही जेवून घ्या. देवमन म्हणतो, दवाखान्यात जाऊ, कोणत्या ते विचारू. कोणाला विचारू? कुलदीपला लावला. सगळं बरं आहे बाबा. सगळे बरं म्हणतात. सगळे —

आजचा निरोप ऐकला. माझा आवाज. कुलदीपचं पित्त कसं आहे. साधनाची पाठ. कपिला. वासरू. लिंबोणी. देवमनचा खोकला. उत्तर लवकर द्या.

पुन्हा ऐकला. पुन्हा. गुडघ्याचं विचारतच नाही —

मी विचारतो. मी आहे ना. कुलदीपची माय, गुडघा कसा आहे तुझा? डावं पान कोरंच ठेवलं आहे, सगळी डावी पानं — लवकर लिही — एक ओळ लिही — मी बरी आहे असं लिहू नको, दुसरं काहीही, दोन शिव्या दे, पण तुझ्या अक्षरात — लवकर —